न चाखलेलं वरण

चेरीताल, जबलपूर
५ जुलै २०२४

ती. हेमलताताईंना,
पद्मजाचा कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि सोबतचे सुती रुमाल पोचले. त्यातला पिवळा डोक्याला बांधूनच लिहायला बसले आहे. फोन लावला की तुमच्या कानातलं मशीन शिट्टी मारतं, आणि तोंडात फोड आल्यामुळे मला फार बोलवत नाही. परवाच्या व्हिडिओ कॉलमध्ये तर तुमच्याऐवजी नागपूरच्या घराचा पंखाच दिसत होता. तेव्हा नणंद-भावजयींनी आपलं पत्रच लिहावं, हे तुमचं म्हणणं पटलं.

दुसरा कीमो सोमवारी झाला. अजून चार राहिले. शस्त्रक्रियेची जखम छान भरली आहे, हात वर जातो, दोरीवरचे कपडे मीच काढते. केस मात्र गेले. रोज उशीवर गोळा करत बसण्यापेक्षा न्हाव्याला घरी बोलावलं आणि उरलेले काढूनच टाकले. तुमच्या भावाचं टक्कल जुनं, माझं नवं. दोघं व्हरांड्यात बसलो होतो तर शेजारच्या शुक्ला भाभी फाटकातून म्हणाल्या की भैयाजी, आज तो दोनों भाई लग रहे हो. मी इतकी हसले की फोड ठणकायला लागले.

रडायची गोष्ट एकच. जिभेची चव साफ गेली आहे. गोड, आंबट, खारट सगळं एकसारखं, आणि वर लोखंडी पळी चाटल्यासारखं काहीतरी. फोडणीचा वास आला की पोटात ढवळतं, म्हणून स्वयंपाकघर सोडलं. आता मी व्हरांड्यात खुर्ची टाकून जेवते आणि ओट्यापाशी तुमचे बंधू उभे असतात. फॅक्टरीत जन्मभर तपासनीस होते, ते काही गेलं नाही. भातात पाणी किती, हे स्टीलची पट्टी बुडवून बघतात. दुधीच्या फोडी सगळ्या एका मापाच्या. पोळी नकाशासारखी झाली तर माझ्यासमोर आणत नाहीत, स्वतः खातात. मी भूगोल शिकवत होते, मला तर श्रीलंका पानात आलेली आवडली असती.

मला चव कळत नाही, पण मी रोज छान झालंय म्हणते. म्हणायला काय जातं?

लेक परत पुण्याला गेली, चिन्मयीची रजा संपली. रोज फोन करते. तुमच्या घरी सर्वांना माझं यथायोग्य सांगा. तुमचं अक्षर दिसलं की मला बरं वाटतं, तेव्हा उत्तराला आळस नको.

तुमची
पद्मजा


चेरीताल, जबलपूर
२० जुलै २०२४

ती. ताईस,
श्रीकांतचा शि. सा. नमस्कार.

आनंदाची बातमी आहे म्हणून लगेच लिहितो. पद्मजाची चव परत आली आहे. काल रक्ततपासणीला गेलो होतो, तेव्हा मी डॉक्टरांनाही हे सांगून टाकलं. डॉ. यशश्री आपल्या चिन्मयीएवढ्याच आहेत, पण फार लक्ष देऊन ऐकतात. त्या म्हणाल्या की इतक्या लवकर सहसा होत नाही, पण चांगलंच आहे, जेवण चालू ठेवा. पद्मजा शेजारीच बसली होती. पदराचं टोक पिळत होती. तुला माहीतच आहे, चारचौघांत तिला स्वतःविषयी बोललेलं आवडत नाही.

मला कसं कळलं, ते सांगतो. रोज वाढल्यावर मी विचारतो आणि ती म्हणते, छान झालंय, मीठ बरोबर आहे. मी फुलके करायला आत जातो, परत येतो तोवर ताट स्वच्छ. कालची लौकीची भाजी तर तिने दुसऱ्यांदा मागितली. ताई, माझ्या हातचं कोणी दुसऱ्यांदा मागेल असं मला या जन्मात वाटलं नव्हतं.

एक शंका मात्र तुला विचारायची आहे. तिचं झाल्यावर मी जेवतो, तेव्हा मला ते सगळं अळणी लागतं. कधी कधी तर नुसता हिंगच लागतो. करताना मी चाखत नाही, आईने आपल्याला लावलेली शिस्त आहे ती. पण पद्मजा मीठ बरोबर म्हणते. फॅक्टरीत दोन मापं वेगळी आली की एक यंत्र बिघडलेलं आहे असं धरायचो. तेव्हा दोष माझ्या जिभेत असावा. तू माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, तुझी जीभ या वयात अशी गेली होती का? लाजू नकोस, स्पष्ट लिही.

तुझ्या पायाचं दुखणं कसं आहे? पाऊस आहे, अंगणात जपून चाल. तुझा आशीर्वाद आहेच, तो असाच पाठीशी राहू दे.

तुझा
श्रीकांत


नागपूर
२६ जुलै २०२४

चि. सौ. पद्मजा हिस,
अनेक आशीर्वाद.

श्रीकांतचं पत्र वाचून मी देवापुढे साखर ठेवली. तुझी चव परत आली म्हणे. सुनेला, स्वप्नीलच्या बायकोला, बसवून तुझ्यासाठी मेतकूट आणि आवळ्याची सुपारी करून घेतली आहे, उद्या पार्सल जाईल. नुसतं खाऊ नकोस, कसं लागलं ते सविस्तर लिही. माझ्या मेतकुटात धने जास्त होतात असं तू लग्नाच्या वर्षी म्हणाली होतीस, ते मी अजून विसरलेली नाही.

श्रीकांतला म्हणावं, माझी जीभ ठणठणीत आहे, दोन्ही अर्थांनी. त्याने स्वतःची दाखवून घ्यावी.

तुझी
हेमलताताई


चेरीताल, जबलपूर
२ ऑगस्ट २०२४

ती. ताईंना,
पद्मजाचा कृ. सा. न.

मेतकूट पोचलं. कसं लागलं ते लिहिता येत नाही, कारण मला ते लागलंच नाही. ताई, माझी चव परत आलेली नाही. मी खोटं बोलले आहे, आणि आता ते मला निस्तरता येत नाही.

जूनमध्ये, पहिल्या कीमोनंतर, ह्यांनी खिचडी केली होती. सकाळपासून खपत होते. मी दोन घास घेतले आणि सगळं उलटून पडलं. मला झोपवून ते आत गेले. मला वाटलं भांडी घासत असतील. पाणी प्यायला उठले तर ते मोरीशी उभे राहून पातेलं खरवडत होते आणि रडत होते. नळ सोडून ठेवला होता, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मी तशीच परत येऊन झोपले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताट आणलं, आणि दहावीचा निकाल लागायचा असल्यासारखे समोर उभे राहिले. माझ्याने राहवलं नाही, छान झालंय म्हणाले. त्यांचा चेहरा जो फुलला, तो तुम्ही बघायला हवा होता.

तेव्हापासून हे चालू आहे. ते फुलके करायला आत गेले की मी व्हरांड्याच्या कठड्यावरून ताट गाईपुढे रिकामं करते. शुक्ला भाभींची गाय दुपारी फाटकाशी येऊन उभीच असते. मला दोन-चार घासांवर जात नाही, काय करू? दूध पिते, नारळपाणी पिते. आता तर गाईनेही यायचं सोडलं आहे. मागच्या आठवड्यात ह्यांनी वरणात हिंग चमच्याने घातला असावा. तिने हुंगलं, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि निघून गेली. हल्ली मी ते कुंडीत पुरते.

डॉक्टरांपुढे ते इतक्या अभिमानाने बोलले की तिथं त्यांना खोटं पाडणं मला जमलं नाही. वजन थोडं उतरलं आहे, पण कीमोत सगळ्यांचंच उतरतं असं म्हणतात. अजून तीनच राहिले, तेवढे निघून जातील. तुम्हाला सासूबाईंची शपथ आहे, ह्यांना यातलं काही कळू देऊ नका. त्यांचा सगळा जीव त्या कढईत आहे.

रागावू नका. रागावलात तरी पत्र लिहा.

तुमची
पद्मजा


चेरीताल, जबलपूर
१३ ऑगस्ट २०२४

ती. ताईस,
श्रीकांतचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र तुझ्याशिवाय कोणाच्या हाती पडू देऊ नकोस.

काल चौथा कीमो होता, पण दिला नाही. पद्मजाचं वजन फार उतरलं आहे. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावून विचारलं की घरी जेवण कसं आहे. मी खरं ते सांगितलं, की चव परत आली आहे, दोन्ही वेळा ताट स्वच्छ होतं. त्यांनी वजनाचा कागद पुन्हा बघितला. मग म्हणाल्या की एवढं खाऊनही वजन उतरत असेल तर आजार आणखी कुठं पसरला आहे का, ते बघावं लागेल. यकृताचं नाव घेतलं. पुढच्या मंगळवारी, वीस तारखेला स्कॅन ठरला आहे. तोवर औषध थांबवलं आहे, आणि तसं काही निघालं तर उपचारच बदलावा लागेल.

पद्मजाला मी सांगितलं की रक्तातल्या पेशी कमी आल्या म्हणून आठवडाभर पुढे ढकललं, आणि स्कॅन सगळ्यांचाच करतात. तिने विश्वास ठेवला. चिन्मयीलाही काही बोललो नाही.

मी तिला जास्त वाढतो आहे. तुपाची धार धरतो, ती नाही म्हणत नाही. सगळं संपवते. मग हे अन्न जातं कुठं? याचं उत्तर मला एकच सुचतं, आणि ते मनात येऊ नये म्हणून मी दिवसभर काही ना काही चिरत बसतो.

पद्मजाला कळू देऊ नकोस. राखी सहा दिवसांवर आली आहे, तिचीच शपथ घालतो. ताई, मला भीती वाटते. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

तुझा
श्रीकांत


नागपूर
१६ ऑगस्ट २०२४

चि. श्रीकांत आणि चि. सौ. पद्मजा,
दोघांना अनेक आशीर्वाद.

पाकिटात राखी आहे. ती नंतर. आधी दोघांनी व्हरांड्यात शेजारी शेजारी बसायचं आणि श्रीकांतने हे पत्र मोठ्याने वाचायचं. मध्ये थांबायचं नाही.

तुमच्यापैकी एकाने मला राखीची शपथ घातली, दुसरीने माझ्या आईची. दोन्ही मोडते आहे. मला विचारून घातल्या नव्हत्या.

श्रीकांत, पद्मजाची चव परत आलेली नाही. तुझं जेवण ती जूनपासून गाईला घालते आहे. तू मोरीशी रडताना तिने तुला बघितलं, म्हणून ती छान झालंय म्हणते. तू विचारलंस अन्न जातं कुठं. शुक्ला भाभींच्या गाईच्या पोटात जातं, आणि तीही कंटाळली आहे.

पद्मजा, तुझा कीमो पेशी कमी आल्या म्हणून थांबलेला नाही. तू भरपूर जेवतेस हे श्रीकांतने डॉक्टरांना सांगितलं, आणि तरी वजन उतरतं म्हणून आजार यकृतात पसरला असेल अशी शंका त्यांना आली. मंगळवारचा स्कॅन त्यासाठी आहे. हा माणूस आठवडाभर ते एकटा पोटात घेऊन तुझ्या पानात तूप वाढतो आहे.

तुमची दोघांची पत्रं मी टेबलावर शेजारी ठेवली तेव्हा आधी कपाळाला हात लावला. मग खूप वेळ खिडकीत बसून राहिले. मास्तरकी केली आहे मी, एवढं गणित मला सुटतं. पण माझं गणित म्हणजे डॉक्टरांचा रिपोर्ट नव्हे. तेव्हा स्कॅनच्या आधी डॉ. यशश्रींपुढे जाऊन दोघांनी तोंडाने खरं सांगायचं. यापुढे त्यांच्यापासून काही लपवायचं नाही. एकमेकांपासून काय लपवायचं ते तुमचं तुम्ही बघा, बेचाळीस वर्षांचा संसार आहे.

आता मिठाविषयी. श्रीकांत, आईच्या घरी रोज नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी जेवत नव्हतं, म्हणून करताना चाखत नव्हते. ती शिस्त तुझ्या चांगली लक्षात राहिली. पण आईचा हात चाळीस वर्षं मीठ घालून घालून तयार झालेला होता. तू नियम घेतलास, हात कुठून आणणार? पद्मजा लग्न होऊन आली तेव्हा तिने तळहातावर आमटी घेऊन चाखली, म्हणून आईने अख्खं पातेलं बाजूला काढलं होतं. त्या दिवशी पद्मजा रडली होती, आणि मी आईच्या बाजूने बोलले होते. आज आईच्या जागी मी मोठी आहे. माझं सांगणं आहे की चाख. देवालाही अळणी कळतच असेल, तो बोलत नाही एवढंच. पद्मजाही बोलत नव्हती.

आता राखी बांधून घे. माझ्या वतीने पद्मजाने बांधली तरी चालेल, ती भाऊ दिसते असं तिनेच लिहिलं होतं.

डॉक्टर काय म्हणाल्या ते त्याच दिवशी कळवा. मला तोवर घास जाणार नाही.

तुमची
ताई


चेरीताल, जबलपूर
२७ ऑगस्ट २०२४

ती. ताईंना,
पद्मजाचा कृ. सा. न.

स्कॅन स्वच्छ आल्याची तार ह्यांनी स्वप्नीलच्या मोबाईलवर पाठवलीच होती. यकृत चांगलं, फुप्फुसं चांगली. काल चौथा कीमो झाला. आज सविस्तर लिहिते.

तुमचं पत्र नेमकं राखीच्या सकाळी आलं. तुम्ही सांगितलं तसे शेजारी बसलो. हे मोठ्याने वाचत होते. गाईपर्यंत आले आणि तीच ओळ परत परत वाचू लागले. मी कागद ओढून घेतला आणि पुढचं मी वाचलं. यकृत हा शब्द मीच माझ्या तोंडाने वाचला. वाचून झालं तशी कागदाची घडी केली. शेवटी ते म्हणाले, “मला काहून नाही सांगितलं?”

मी म्हटलं, “अन् तुम्ही?”

एवढंच आमचं भांडण. त्यानंतर दोघंही रडलो, चांगलं पोटभर. शुक्ला भाभी राखीची मिठाई घेऊन फाटकाशी आल्या होत्या, त्या आमच्याकडे बघून डबा पायरीवर ठेवून पळाल्या. थोड्या वेळाने ह्यांनी विचारलं की गाय तरी आवडीने खात होती का. हिंगाच्या दिवसाचं सांगितलं तेव्हा त्यांना माझ्या खोटेपणापेक्षाही जास्त लागलं, ताई. मी रडता रडता हसत सुटले.

त्याच दुपारी दवाखान्यात गेलो. डॉ. यशश्रींनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, आणि मला म्हणाल्या, “अम्माजी, मुझे तारीफ नहीं, वज़न चाहिए.” ह्यांनाही सोडलं नाही. शंका बहुतेक मिटली, पण ठरलेला स्कॅन त्यांनी केलाच. त्या मशीनमध्ये आडवी झाले तेव्हा मला पहिल्यांदाच मरणाची भीती वाटली. आजार कळला तेव्हा वाटली नव्हती, शस्त्रक्रियेच्या वेळी नाही. तिथं वाटलं, की मी खरंच खोटी भूक दाखवत बसले आणि खरा आजार तेवढ्यात आत शिरला असेल तर? रिपोर्ट हाती येईपर्यंत बाकावर ह्यांनी माझा हात धरून ठेवला होता. चारचौघांत, नर्सा येत-जात असताना. मी सोडवला नाही.

आता अट अशी आहे की पुढच्या वेळेपर्यंत वजन चढलं पाहिजे, निदान उतरता कामा नये. नाहीतर पाचवा मिळणार नाही, आणि उपचार अर्धा राहणं बरं नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हा आम्ही नवी पद्धत काढली. मी नाकाला रुमाल बांधून स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसते. चिरणं, ढवळणं, फोडणी त्यांची. मीठ माझ्या हाताने. चाखायचं त्यांनी. पहिल्या दिवशी पळी तोंडाजवळ नेऊन ते तसेच उभे राहिले, सासूबाईंच्या फोटोकडे बघत. ताईंनी सांगितलंय म्हटलं तेव्हा कुठं तोंड उघडलं.

जेवताना ते समोर बसून चव सांगतात. सुरुवातीला अगदी तपासनीसाचा अहवाल: मीठ मध्यम, आंबट किंचित कमी, माल पास. मी म्हटलं असं ऐकून गायसुद्धा जेवणार नाही. मग जरा विचार करून म्हणाले की हे वरण बरगीच्या वरणासारखं लागतंय. चिन्मयी लहान असताना धरण बघायला गेलो, स्कूटर पंक्चर झाली, आणि एका गावात चुलीवरचं वरण मिळालं, ते. त्या घरातली म्हातारी, तिची कोंबडी, चिन्मयी कोंबडीमागे धावली ते, सगळं त्यांना आठवत होतं. मी ऐकत गेले आणि वाटी संपली. चव काही लागली नाही. पण संपली.

आमच्यावर असाच डोळा ठेवा, वेळ पडली तर असंच रागवा.

तुमची
पद्मजा


चेरीताल, जबलपूर
१५ सप्टेंबर २०२४

ती. ताईस,
श्रीकांतचा शि. सा. नमस्कार.

वजन चढलं. फार नाही, पण काटा वर गेला. डॉक्टर खूश आहेत. उद्या पाचवा कीमो मिळणार.

महालक्ष्म्या व्यवस्थित झाल्या. यंदा नको असं मी म्हणत होतो, पण पद्मजाने ऐकलं नाही. चिन्मयी आली होती, शुक्ला भाभींनी उपास धरून पुरण वाटायला हात लावला. त्या दिवशी नैवेद्य म्हणून मीही चाखलं नाही. आमटी, पुरण, सोळा भाज्या, कढी, सगळ्यात मीठ-गूळ पद्मजाने घातला. तिला चव नाही, मला चाखायची बंदी. मी मनातून घाबरलो होतो, सवाष्णी जेवायला बसल्या होत्या. पण जेवायला बसल्यावर पहिला घास घेतला तर सगळं जिथल्या तिथं. एका कणाचा फरक नाही. मी तिला म्हटलं की तुझ्या हाताला सगळं ठाऊक आहे. तिने मान खाली घातली आणि पुरणपोळी अख्खी खाल्ली. चव सांगायची मला आठवणच राहिली नाही.

हिंगाचं मी आता प्रमाण ठरवलं आहे. तू काळजी करू नकोस, आणि पाय शेकत जा. माया आहेच, ती कमी होऊ नये.

तुझा
श्रीकांत


चेरीताल, जबलपूर
८ डिसेंबर २०२४

ती. ताईंना,
पद्मजाचा कृ. सा. न. वि. वि.

सगळं संपलं. सहावा कीमो दसऱ्याआधीच झाला होता, आता नंतरच्या तपासण्याही चांगल्या आल्या. आता तीन-तीन महिन्यांनी दाखवायचं आणि रोज एक गोळी. डोक्यावर लव आली आहे, पांढरी, बाळासारखी. शुक्ला भाभी हात फिरवून बघतात. तुमचा पिवळा रुमाल आता थंडीपुरता.

एक गोष्ट मात्र फक्त तुम्हाला सांगते. चव परत आली आहे. यावेळी खरी. इथल्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या बाजारातून हे मटार घेऊन आले. इथं या दिवसांत मटाराचे ढीग लागतात, तुम्हाला आठवत असेलच. अंगणात उन्हात सोलत बसले होते, सवयीने दोन दाणे तोंडात टाकले, आणि गोड लागले. मी हातातली शेंग धरून तशीच बसून राहिले. मग तिसरा खाल्ला, चौथा खाल्ला, रडू येत होतं आणि मी खात होते. निम्मे मटार तिथंच संपले. ते आतून विचारत होते की एवढीच टोपली कशी भरली.

डॉक्टरांना मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, तुमचा हुकूम मोडलेला नाही. ह्यांना मात्र अजून सांगितलं नाही. सांगणार आहे. पण ताई, हा माणूस लग्नापासून माझ्याशी कामापुरतं बोलत आला. गॅस संपला, दूधवाला आला, किल्ली कुठं आहे. आता रोज दोन वेळा समोर बसून चव सांगतात. परवा श्रीखंडावरून आमच्या लग्नाच्या पंगतीवर गेले. म्हणाले की त्या दिवशी मी त्यांना घास भरवला, तेव्हा माझ्या हातांना मेंदीचा वास होता, म्हणून श्रीखंडाला तोच वास आला, आणि अजूनही येतो. हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. चव आली म्हटलं की हे सगळं बंद होईल. मला अजून थोडं ऐकायचं आहे.

तुम्ही हसत असाल. हसा. जानेवारीत इकडे या, तुमच्या हाताखाली सोलायला मटार भरपूर आहेत.

तुमची
पद्मजा


चेरीताल, जबलपूर
८ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
श्रीकांतचा शि. सा. नमस्कार.

पद्मजाचं पत्र या टपालाने निघेल, त्यात तिने तब्येतीचं लिहिलं असेलच. मी दुसरंच सांगायला बसलो आहे.

मागच्या बुधवारी सकाळी चहात साखर घालायची माझ्याकडून राहिली. पेपर वाचता वाचता मला कळलं, पण मी उठायच्या आत पद्मजाने एक घोट घेतला, कप खाली ठेवला, आत गेली, आणि साखरेचा डबा घेऊन आली. आपल्या कपात घातली, माझ्याही घातली, ढवळली, आणि काही न बोलता पीत बसली. मी पेपर तोंडासमोर धरून ठेवला. बराच वेळ खाली घेता आला नाही.

म्हणजे तिला चव कळते आहे. ती सांगत नाही. का सांगत नाही, हे मला पुरतं समजलं नाही, पण दुपारी जेवायला बसलो तेव्हा तिने नेहमीसारखी मान वर करून माझ्याकडे बघितलं, आज कसं झालंय म्हणून. मग मी सांगितलं. काल सांगितलं, आजही सांगितलं. सांगत राहतो.

उद्या मटाराची उसळ आहे. तिच्याविषयी काय काय सांगायचं, ते आज दुपारपासून आठवत बसलो आहे.

तुझा
श्रीकांत